सहा वर्षांचे मौन आणि पडद्यावरील व्यक्तिचित्र : कुमार गंधर्वांच्या निमित्ताने आजारी कलावंताच्या चित्रणाचा विचार

१. प्रश्नाची मांडणी

कलावंताच्या चरित्रात आजाराला सामान्यतः दोनच ठरावीक जागा मिळतात. तो अखेरच्या प्रकरणात येतो आणि मृत्यूची पूर्वसूचना ठरतो. किंवा मध्यावर येतो आणि नायकाने पार केलेले संकट ठरतो. पहिल्या प्रकारात आजाराने कला संपविलेली असते, दुसऱ्यात कलेने आजाराला संपविलेले असते. दीर्घकाळ टिकणारा, बरा झाल्यावरही शरीरात आपली खूण ठेवून जाणारा आणि पुढील प्रत्येक मैफलीच्या वेळी हजर असणारा आजार मात्र या दोन्ही चौकटींत बसत नाही. तो प्रसंग नसतो. ती स्थिती असते. प्रसंगांच्या साखळीतून व्यक्ती उभी करण्याची सवय जडलेल्या लेखकाला आणि दिग्दर्शकाला ही स्थिती दाखविणे अवघड जाते.

ज्याच्या कलेचे माध्यम त्याचे स्वतःचे शरीर आहे अशा कलावंताच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होते. कवी अंथरुणावर पडून कविता लिहू शकतो. चित्रकार हात चालतो तोवर रंगवू शकतो. गायक, नट आणि नर्तक यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बाबतीत वाद्य आणि वादक एकाच कातडीत राहतात. गायकाचे फुप्फुस आजारी पडते तेव्हा त्याचे आरोग्य बिघडते एवढेच नव्हे, तर त्याचे वाद्यही बिघडते. अशा कलावंतांना प्रस्तुत लेखात 'प्रयोगकलावंत' असे म्हटले आहे.

विश्रांतवाडीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका लहान गटासमोर चरित्र आणि अनुबोधपट यांच्या संबंधाविषयी बोलत असता कुमार गंधर्वांच्या क्षयाचा विषय निघाला. ते सुमारे सहा वर्षे गायिले नाहीत, हे सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "पण सर, या सहा वर्षांचे चित्र कशाचे घ्यायचे?" प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला त्या दिवशी नीट देता न आलेले उत्तर होय. लेखाचा मुख्य विचार असा की, कुमार गंधर्वांचा आजार हा त्यांच्या कलाजीवनातील खंड नव्हता आणि त्यांच्या शैलीचे कारणही नव्हता. तो त्यांच्या निर्मितीची अट होता. ही अट दाखविणे हे व्यक्तिचित्राचे काम आहे, आणि ते आठवणींपेक्षा ऐकण्यातून अधिक साधते.

२. चरित्रातील आवश्यक वस्तुस्थिती

कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. घरची भाषा कन्नड. पुढील शिक्षण मराठी वातावरणात. आयुष्याचा मोठा भाग हिंदी-माळवी प्रदेशात. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्यांना बालपणीच मिळाली. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखविणारा मुलगा म्हणून त्यांची ख्याती पसरली होती. वयाच्या अकराव्या वर्षी ते मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकावयास आले. देवधर हे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. परंतु त्यांच्या विद्यालयात निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांचे येणे-जाणे असे. एका घराण्याच्या चाकोरीत विद्यार्थ्याला बांधून टाकण्यापेक्षा त्याचे कान उघडे ठेवण्याकडे त्यांचा कल होता. याच काळात कुमारांना अंजनीबाई मालपेकर यांचेही मार्गदर्शन लाभले.

१९४७ मध्ये कुमारांचा विवाह देवधरांच्याच विद्यालयातील भानुमती कंस यांच्याशी झाला. त्याच सुमारास त्यांना क्षयाने गाठले. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४७-४८ च्या सुमारास हे दांपत्य माळव्यातील देवास येथे राहावयास गेले. गाणे हे जिवावर बेतू शकेल असे वैद्यकीय मत पडले आणि सुमारे सहा वर्षे कुमार गायिले नाहीत. १९५२ च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा उपचार सुरू झाला, प्रकृती हळूहळू सुधारली आणि १९५३ मध्ये त्यांची आजारानंतरची पहिली मैफल झाली. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. तेथून १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे झालेल्या निधनापर्यंत, म्हणजे सुमारे अडतीस वर्षे, ते त्याच शरीराने गायिले.

हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवला पाहिजे. मौन सहा वर्षांचे. मौनाची खूण अंगावर वागविणारे गाणे अडतीस वर्षांचे. 'अनूपरागविलास', स्वतः निर्मिलेले धुनउगम राग, 'गीतवर्षा'सारखे ऋतुविषयक कार्यक्रम, माळव्यातील लोकधुनांचा संग्रह व सादरीकरण, निर्गुणी भजने, 'तुकाराम दर्शन', 'मला उमजलेले बालगंधर्व' आणि कवी अनिल यांच्या कवितांचे गायन, हे सर्व या अडतीस वर्षांतले आहे. आपण ज्याला 'कुमार गंधर्व' म्हणून ओळखतो तो कलावंत आजाराच्या अलीकडचा आहे.

३. 'मात' या कथानकाची मर्यादा

कुमारांविषयी लिहिताना व बोलताना मराठी रसिक एका ठरीव वाक्याकडे वळतो : कुमारांनी आजारावर मात केली. या वाक्यामागील आदर खरा आहे, तथापि त्याचे कथानक तपासून पाहिले पाहिजे. त्यात तीन टप्पे असतात : अद्भुत बालपण, अंधाऱ्या गुहेसारखा आजार आणि तेजस्वी पुनरागमन. ही रचना लोककथेची आहे. वनवासात गेलेला राजपुत्र नवी विद्या घेऊन परत येतो, तसा हा गायक नवे राग घेऊन परत येतो.

या रचनेत पहिली गोष्ट हरवते ती औषध. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स येथे सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना लागला. फुप्फुसाच्या क्षयावरील त्याच्या परिणामाची ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेली चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. कुमार देवासला अंथरुणाला खिळले त्याच सुमाराची ही घटना आहे. म्हणजे कुमारांचे आजारपण क्षयाच्या इतिहासातील एका नेमक्या सांध्यावर येते. दहा वर्षे आधी हाच आजार झाला असता तर हवापालट, विश्रांती आणि सकस आहार यांपलीकडे वैद्यकाजवळ फारसे काही नव्हते. पुनरागमनाचे सर्व श्रेय इच्छाशक्तीला देणाऱ्या चरित्रकाराकडून नकळत एक अन्यायही घडतो : ज्या असंख्य क्षयरोग्यांना त्या काळात औषध मिळाले नाही त्यांची इच्छाशक्ती उणी होती, असे त्यातून सूचित होते.

दुसरी हरवणारी गोष्ट म्हणजे शुश्रूषा. भानुमतीबाई स्वतः गाणाऱ्या होत्या. देवासला त्यांनी पतीची सेवा केली आणि शिक्षिकेची नोकरी करून घर चालविले. १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी त्यांचा मृत्यू झाला. देवासच्या घराला 'भानुकुल' हे नाव आहे. चरित्रपर लेखनात त्यांचा उल्लेख कृतज्ञतेने होतो, हे खरे. परंतु त्या सहा वर्षांत दोन गळे गप्प झाले होते आणि त्यांपैकी एकच पुन्हा मैफलीत आला, हे वाक्य आपण क्वचितच लिहितो. आजार हा एका शरीरात असला तरी आजारपण हे घराचे असते. दीर्घ आजाराच्या व्यक्तिचित्रात शुश्रूषा करणारी व्यक्ती पार्श्वभूमीला ढकलली गेली, तर ते व्यक्तिचित्र वस्तुस्थितीला धरून राहत नाही.

तिसरी गोष्ट रूपकाची. सुझन सोन्टॅग यांनी 'इलनेस ॲज मेटाफर' (१९७८) या पुस्तकात क्षयाच्या रूपकांची चिकित्सा केली आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय साहित्याने क्षयाला संवेदनशील, तरल आत्म्यांचा आजार मानले आणि रोग्याच्या यातनांवर सौंदर्याचे आवरण घातले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सोन्टॅग स्वतः कर्करोगावरील उपचार घेत असताना या विषयाकडे वळल्या. पण स्वतःची कहाणी त्यांनी पुस्तकात आणली नाही. त्यांचे म्हणणे असे की, आजाराकडे रूपकाविना पाहणे हेच त्याच्याकडे पाहण्याचे अधिक सत्य आणि निरोगी रीतीचे पाहणे आहे. आपल्याकडे 'राजयक्ष्मा' या जुन्या नावातच एक भारदस्तपणा आहे. क्षयी कलावंत म्हटला की खोकल्याबरोबर प्रतिभाही वाढत असावी, असा भाव कथा-चित्रपटांनी आपल्या मनात रुजविला आहे. कुमारांच्या बाबतीत हे रूपक फार सहज चिकटते. म्हणूनच ते बाजूला ठेवणे अगत्याचे आहे.

४. अनुबोधपटाची अडचण

कुमार गंधर्वांविषयीच्या दोन अनुबोधपटांचा येथे विचार करावयाचा आहे. पहिला जब्बार पटेल यांचा, फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला 'हंस अकेला' (२००५). दुसरा शबनम विरमाणी यांचा 'कोई सुनता है' (२००८).

जब्बार पटेल हे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले डॉक्टर आणि 'घाशीराम कोतवाल', 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' यांचे दिग्दर्शक. रोग म्हणजे काय आणि प्रयोग म्हणजे काय, हे दोन्ही जाणणाऱ्या दिग्दर्शकाने आजारातून गेलेल्या गायकाचे चित्र काढावे, हा योग लक्षणीय आहे. परंतु चित्रपट २००५ चा आहे. नायक तेरा वर्षांपूर्वी गेलेला आहे. दिग्दर्शकापुढे नायकाचे शरीर नाही. आहेत ती छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, देवासचा परिसर आणि आठवणी सांगणारी माणसे. कलावंताच्या निधनानंतर केलेल्या कोणत्याही अनुबोधपटाची ही सामग्री असते, आणि तिच्यातच त्याची मर्यादा दडलेली असते.

ती मर्यादा समजून घेण्यासाठी मराठी व्यक्तिचित्राच्या परंपरेकडे पाहावे. आपल्या व्यक्तिचित्राचा घटक 'आठवण' हा आहे. पु. ल. देशपांडे यांच्यापासून अनेकांनी या घटकातून माणसे उभी केली. आठवणीला प्रसंग लागतो. प्रसंगाला कोणीतरी काहीतरी बोलावे, करावे लागते. अनुबोधपटाने हा घटक जसाच्या तसा उचलला आहे : कॅमेऱ्यासमोर बसलेली व्यक्ती आठवण सांगते, मधूनमधून छायाचित्र दिसते, खाली गाणे वाजते. पडून राहणे हा मात्र प्रसंग होत नाही. त्याची आठवण एका वाक्यात संपते : "तेव्हा ते आजारी होते." सहा वर्षे एका वाक्यात मावतात आणि एका मैफलीच्या आठवणीला दहा मिनिटे लागतात. हा कोणा एका दिग्दर्शकाचा दोष नव्हे. आठवण हा घटकच घटनेच्या बाजूचा आहे; स्थिती त्याच्या जाळीतून निसटते.

'कोई सुनता है' या चित्रपटाची वाट वेगळी आहे. विरमाणी यांच्या कबीरविषयक चार चित्रपटांच्या मालिकेतील तो एक. तो कुमारांचे चरित्र सांगण्यास बांधलेला नाही. कबीराच्या निर्गुणी पदांपर्यंत कुमार कसे पोहोचले, हा धागा धरून तो माळव्यातील लोकगायकांकडे जातो, कुमारांच्या परंपरेतील मंडळींकडे जातो, आणि दिग्दर्शिकेचे स्वतःचे ऐकणे हा त्याचा एक विषय बनतो. त्याच्या नावातही गाणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे निर्देश आहे.

येथे आपल्याला विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर गवसू लागते. त्या सहा वर्षांत कुमार गात नव्हते. पण ते ऐकत होते. अंथरुणावर पडलेल्या कुमारांच्या कानांवर पाखरांचे आवाज, वारा आणि रस्त्याने जाणाऱ्या गाणाऱ्यांचे सूर पडत, असे त्या काळाविषयी सांगितले जाते. देवास हे पवार घराण्याच्या दोन संस्थानांचे गाव; रजब अली खाँसारखा गवई तेथे वास्तव्य करून होता; टेकडीवर देवीचे ठाणे, गावात शीलनाथ महाराजांची धुनी आणि तेथे नाथपंथी भजने. हे सर्व आवाज कुमारांच्या पुढील कामात आले आहेत. माळवी लोकधुनांतून धुनउगम राग निघाले आणि शीलनाथांच्या धुनीशी निगडित भजनसंग्रहातून अनेक निर्गुणी पदे त्यांच्या गाण्यात आली.

हे ऐकणे कसे असेल, हे समजण्यासाठी देवासपर्यंत जाण्याची गरज नाही. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्याकडे येते ती दिघी, विश्रांतवाडी या मार्गाने. रस्त्यावर उतरून दिंडीबरोबर चार पावले चालणारा माणूस माणसांची गर्दी, पताका, तुळशीवृंदावने पाहतो. रस्त्याकाठच्या घरात खाटेवर पडलेल्या माणसाला यातले काही दिसत नाही. त्याला एका दिंडीचा अभंग मोठा होत गेलेला, खिडकीपाशी काही क्षण पूर्ण झालेला आणि मग दूर जात विरलेला ऐकू येतो. लगेच मागून दुसरी दिंडी वेगळ्या लयीत येते. दोहोंच्या मधली शांतताही त्याला ऐकू येते. अंथरुणावरचा श्रोता आवाजाबरोबर त्याचा आरंभ, त्याचे ओसरणे आणि त्यामागची रिकामी जागा ऐकतो. कॅमेऱ्याने त्या सहा वर्षांचे चित्र घ्यावयाचे तर ते बिछान्याचे नव्हे, खिडकीबाहेरच्या आवाजाचे घ्यावे लागेल.

५. श्वास आणि आकृतिबंध

आता मुख्य मुद्द्याकडे यावयाचे. आजाराचा कुमारांच्या गायकीशी संबंध काय? या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

पहिले उत्तर 'मात' या शब्दात आहे : संबंध काही नाही, कलावंत आजाराच्या वर उठला. दुसरे उत्तर याच्या उलट : संबंध पूर्ण आहे, एकच फुप्फुस काम करीत असल्याने लांब आलाप शक्य नव्हता, म्हणून छोट्या स्वरवाक्यांची, मध्य व द्रुत लयीची गायकी निर्माण झाली. हे दुसरे उत्तर शास्त्रीय वाटते, म्हणून अधिक फसवे आहे. त्यावर तीन आक्षेप घेता येतात. एक, फुप्फुस गमावलेले असंख्य लोक होते. त्यांतून कुमार गंधर्व एकच झाले. दोन, कुमारांच्या गाण्यात अचानक उसळणारा मोठा आवाज, स्वराची जोरकस फेक आणि वीजेसारख्या ताना आहेत; श्वास वाचविणे हाच हेतू असता तर या गोष्टी त्यांनी पहिल्यांदा टाळल्या असत्या. तीन, धुनउगम रागांची कल्पना, ऋतूंनुसार कार्यक्रम बांधण्याची दृष्टी, लोकधुन आणि राग यांच्या नात्याचा विचार, या बुद्धीच्या गोष्टी आहेत. त्यांचा फुप्फुसाच्या क्षमतेशी सरळ संबंध लावता येत नाही. शिवाय घराण्याच्या चाकोरीविषयीचा प्रश्न देवधरांच्या विद्यालयातच, म्हणजे आजाराच्या पूर्वीच, त्यांच्या मनात पेरला गेला होता.

मग आजाराने काय केले? संगीतविषयक मराठी लेखनात 'दमसास' हा शब्द गुणवाचक म्हणून वापरला जातो. एका श्वासात किती लांब पल्ला गाठता येतो, आलापाची सलग रेघ किती वेळ टिकते, हे गवयाचे सामर्थ्य मानले जाते. वामनराव हरी देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथात स्वर आणि लय यांच्या परस्परप्रमाणावरून घराण्यांची तर्कशुद्ध मांडणी केली. त्या मांडणीने आपल्याला गायकीकडे रचना म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. त्याच दृष्टीने पाहिले असता कुमारांच्या गाण्यात दमसासाची जागा दुसऱ्याच एका तत्त्वाने घेतलेली दिसते. तेथे स्वरवाक्याची लांबी निर्णायक नाही. त्याचे वजन, त्याचा नेमका आरंभ आणि त्यानंतरची थांबण्याची जागा निर्णायक आहे. स्वर लागतो, आपले काम करतो आणि थांबतो; थांबल्यावरही तानपुऱ्यांच्या नादात तो श्रोत्याच्या मनात चालू राहतो. तानपुरे सुरात मिळविण्याविषयी कुमारांचा आग्रह सर्वश्रुत आहे. गायकाने मोकळी सोडलेली जागा ज्या नादाने भरावयाची तो नाद निर्दोष असावा लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आग्रहाचा अर्थ उलगडतो.

याला आजाराचा परिणाम म्हणण्यापेक्षा आजाराने घातलेल्या अटीतून केलेली निवड म्हणणे अधिक योग्य. छंदोबद्ध कवितेशी याची तुलना करता येईल. ओवीचे चरण ठरलेले असतात म्हणून ज्ञानेश्वरांचा विचार निर्माण होत नाही. पण त्या विचाराला जी चाल मिळते ती ओवीविना मिळाली नसती. श्वास हे कुमारांचे वृत्त होते. वृत्त कवीला बांधते आणि त्याच वेळी शब्द निवडावयास लावते. अनावश्यक स्वर घेण्याची चैन ज्याला परवडत नाही तो प्रत्येक स्वराला विचारतो : तू येथे कशासाठी? कुमारांच्या चाहत्यांना भावलेली सघनता आणि त्यांच्या टीकाकारांना खटकलेला तुटकपणा, दोन्हींचे मूळ या एकाच प्रश्नात आहे. विलंबित ख्यालाच्या सावकाश विस्ताराची अपेक्षा ठेवणाऱ्या जाणकारांचा आक्षेप निराधार नव्हता, हेही येथे नोंदविले पाहिजे. त्यांना जे हवे होते ते कुमारांच्या गाण्यात खरोखरच थोडे होते. वादाचा मुद्दा एवढाच की, तेथे त्याच्या बदली काय होते.

निर्गुणी भजनांच्या ध्वनिमुद्रणांत वसुंधरा कोमकली यांचा स्वर कुमारांच्या बरोबर आहे. कुमारांच्या शिष्या असलेल्या वसुंधराताईंशी त्यांचा विवाह १९६२ मध्ये झाला. या सहगायनाकडे केवळ साथ म्हणून न पाहता रचना म्हणून पाहावे. एक स्वर थांबतो तेथे दुसरा असतो. पद अखंड राहते, पण ते एका छातीवर तोललेले नसते. शून्याविषयी, देहाच्या नश्वरतेविषयी बोलणारी ही पदे दोन श्वासांत वाटून घेतली जातात. आजारपण घराचे असते असे वर म्हटले. येथे गाणेही घराचे झालेले दिसते.

'मला उमजलेले बालगंधर्व' या कार्यक्रमाच्या नावातील 'उमजलेले' हा शब्दही याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. बालवयात कुमार थोरांच्या ध्वनिमुद्रिकांची बिनचूक प्रतिकृती करीत. आजारानंतरच्या कुमारांनी बालगंधर्वांची पदे गायिली ती प्रतिकृती म्हणून नव्हे. आपल्याला काय उमजले ते सांगण्यासाठी. नकलेला दुसऱ्याचा दमसास आपल्या छातीत आणावा लागतो. उमजेला आपला श्वास पुरतो. स्वतः बालगंधर्वांचीही येथे आठवण होते. उत्तरायुष्यात पाय अधू झालेले, रंगभूमीवरील स्त्रीदेहाच्या लावण्याला पारखे झालेले नारायणराव बसून भजने गात. एका गंधर्वाचे शरीर रंगभूमी सोडून गाण्यापाशी आले. दुसऱ्याचे शरीर गाणे सोडून ऐकण्यापाशी गेले आणि तेथून परतले. दोघांच्याही बाबतीत शरीराची उणीव कलेच्या बाहेर ठेवता येत नाही.

६. तुलनेसाठी एक वेगळे उदाहरण

आजारी प्रयोगकलावंताच्या अनुबोधपटाचे जगभर चर्चिले गेलेले एक उदाहरण म्हणजे कर्बी डिक यांचा 'सिक' (१९९७). त्याचा नायक बॉब फ्लॅनगन (१९५२-१९९६) हा अमेरिकन कवी व प्रयोगकलावंत. सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांत घट्ट कफ साठविणारा आनुवंशिक आजार त्याला जन्मापासून होता. या आजाराची मुले त्या काळी लहानपणीच दगावत. फ्लॅनगन त्रेचाळीस वर्षे जगला. वाट्याला आलेल्या वेदनेला त्याने स्वतः निवडलेल्या वेदनेने उत्तर दिले आणि सहचारिणी शेरी रोझ यांच्या सहभागाने ते प्रयोगांतून मांडले. सांता मोनिका येथील कलासंग्रहालयात १९९२ मध्ये झालेल्या 'व्हिजिटिंग अवर्स' या प्रदर्शनात तो रुग्णालयातल्यासारख्या खाटेवर पडून राही आणि प्रेक्षक रुग्णाला भेटावे तसे त्याला भेटून बोलत. डिक यांचा चित्रपट त्याच्या सहकार्याने झाला आणि त्याच्या मृत्यूपर्यंत त्याच्याबरोबर राहिला.

फ्लॅनगनचे प्रयोग आपल्या अभिरुचीला धक्का देणारे आहेत. त्यांचे समर्थन करण्याचा येथे उद्देश नाही. भेद तेवढा पाहावयाचा आहे. दोघांचाही आजार फुप्फुसाचा. दोघांनाही श्वास मोजून वापरावा लागला. फ्लॅनगनने आजारालाच कलेचा विषय केले, खाट प्रदर्शनात आणली. कुमारांनी आजार विषय म्हणून कधी मंचावर आणला नाही. तो त्यांच्या आकृतिबंधात विरघळला. त्यामुळे 'सिक'च्या दिग्दर्शकाला आजार दाखविता आला, तर कुमारांच्या चित्रकाराला तो शोधावा लागतो. शोधण्याची जागा रुग्णपत्रिकेत नाही. ती दोन स्वरांमधील थांब्यात आहे.

७. समारोप

या विवेचनातून अभ्यासकाच्या हाती पद्धतीचे काही धडे येतात. आजारी कलावंताचे व्यक्तिचित्र, मग ते ग्रंथातले असो वा पडद्यावरचे, वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्यात आजाराची वस्तुस्थिती, म्हणजे रोग, औषध आणि काळ, रूपकाविना सांगितली आहे काय? शुश्रूषा करणाऱ्याला स्वतःचे चरित्र दिले आहे काय? आणि आजाराचा माग कलावंताच्या सहनशीलतेत न शोधता त्याच्या कलाकृतीच्या रचनेत शोधला आहे काय? तिसरा प्रश्न सर्वांत कठीण, कारण त्यासाठी सहानुभूती पुरत नाही, कान लागतो.

आपल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांमध्येही दीर्घ आजार घेऊन शिकणारे, लिहिणारे, रंगमंचावर उभे राहणारे तरुण असतात. 'मात' हा शब्द आपण त्यांच्यासमोर उच्चारतो तेव्हा त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवतो : जिंका किंवा हरा. कुमार गंधर्वांचे उदाहरण त्यांना तिसरी गोष्ट सांगू शकते. उरलेल्या श्वासाचे वृत्त मानून त्यात बोलता येते, आणि ते बोलणे पूर्ण श्वासाच्या बोलण्याची उणी आवृत्ती नसते.

त्या दिवशीच्या विद्यार्थिनीला आता असे सांगता येईल : त्या सहा वर्षांचे चित्र घेण्यासाठी १९५३ नंतरचे कोणतेही एक ध्वनिमुद्रण घ्यावे, आणि त्यात कुमार जेथे गात नाहीत तेवढीच स्थळे लक्ष देऊन ऐकावीत.